कोंबड्यांच्या पायाखाली काय?

बालमित्रांनो, घरी कोंबड्या पाळायच्या म्हटलं की आपण आधी काय बघतो? खुराडं केवढं हवं, जाळी कुठली लावायची, मांजर नि मुंगूस आत शिरणार नाही ना! दाणापाणी ठरतं, कोंबड्यांची नावंसुद्धा ठरतात. पण त्यांच्या पायाखाली काय घालायचं, हे कुणी विचारत नाही. आणि पहिल्या पावसात नेमकं तिथंच घोडं पेंड खातं!

तुम्ही म्हणाल, “त्यात काय? अंगणात गवत आहे की!” आहे खरं, पण किती दिवस? जाळीतल्या छोट्या जागेत चार-पाच कोंबड्यांनी महिनाभर उकरलं की गवत सफाचट! हा त्यांचा खोडकरपणा नाही बरं का. आपल्या कोंबडीची पूर्वज म्हणजे तांबडी रानकोंबडी. ती जंगलातला पालापाचोळा उकरून किडे आणि बिया शोधते. तीच सवय आपल्या कोंबडीच्या पायात आहे. म्हणून तिच्या पायाखाली उकरता येईल असं काहीतरी हवंच. नुसत्या फरशीवर किंवा सिमेंटवर ती कंटाळते आणि कठीण जागेनं तळपायाला गळूही होतं.

मग नुसती माती का नको? नागपूरकडची काळी माती कपाशीला उत्तम, पण तिचे कण अगदी बारीक. पाणी पडलं की ती फुगते, चिकट होते आणि पाणी खाली जाऊच देत नाही. नागपूरला वर्षाला साधारण १००० ते १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्या चिखलात कोंबड्यांची विष्ठा कालवली गेली की दोन शत्रू तयार होतात.

पहिला शत्रू अमोनिया वायू. नाकात झणझणतो, डोळे चुरचुरतात. आपलं नाक उंचावर, कोंबडीचं जमिनीजवळ! म्हणून वास बघायचा तर खाली वाकून बघा. दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. रक्ती हगवण नावाचा रोग करणारे सूक्ष्म जीव विष्ठेतून बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली, की एक-दोन दिवसांत ते दुसऱ्या कोंबडीला रोग द्यायला तयार! लहान पिल्लं तर यात पटापट दगावतात. म्हणजे आपलं खरं काम एकच: जमीन कोरडी ठेवणं.

आधी तळ, मग गादी

सगळ्यात आधी जागा थोडी उंच करा. त्यासाठी मुरूम उत्तम. तो चोपून बसवा, एका बाजूला उतार द्या आणि कडेनं छोटी नाली काढा. निम्म्या जागेवर तरी छप्पर हवं. आता वर काय पसरायचं ते पाहू या.

तूस : म्हणजे धानाची साल. १०० किलो धान भरडलं की सुमारे २० किलो तूस निघतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ, त्यामुळे आपल्या भागात ते मिळतं. वाळूत असतं तेच सिलिका तुसातही भरपूर असतं, म्हणून ते लवकर कुजत नाही आणि चटकन वाळतं. गंमत म्हणजे, भाताच्या शेतीमुळेच रानकोंबड्या माणसाजवळ आल्या असाव्यात, असं २०२२ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतं. धानाशी कोंबडीचं नातं किती जुनं पाहा!

लाकडाचा भुसा : लकडगंजसारख्या लाकूडबाजारात मिळतो. अगदी पीठ झालेला भुसा नको, तो नाकात जातो. रंध्याखालून निघणारे छिलके चांगले. वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा मात्र मुळीच घेऊ नका.

कुटार आणि तणस : शेतातून सहज मिळतात, पण भिजले की बुरशी धरतात. पावसाळ्यात टाळलेलेच बरे.

पालापाचोळा : फुकट मिळतो, कोंबड्यांना आवडतोही. मात्र वाळलेलाच टाका.

रेती : पाणी झटकन खाली सोडते, त्यामुळे उघड्या जागेला बरी. पण उन्हात तापते. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता! अशा उन्हात रेतीवर सावली हवीच. आणि रेती नदीतून उपसायला सरकारी परवानगी लागते, म्हणून बांधकामातली उरलेली वापरा.

माझी निवड सांगू? छपराखाली चार-पाच बोटं जाड तूस, उघड्यावर मुरमावर रेती, आणि एका कोपऱ्यात कोरडी माती नि चुलीची राख. त्यात कोंबड्या मजेत लोळतात. हीच त्यांची आंघोळ!

मूठ काय सांगते?

दर दोन-तीन दिवसांनी गादी खालीवर करा. मग मूठभर गादी हातात दाबून मूठ उघडा. भुरभुरली तर छान. लाडवासारखी वळली तर ती ओली आहे : तेवढी काढून कोरडी टाका. उन्हाळ्यात गारव्यासाठी गादीवर पाणी शिंपडू नका. छपरावर ओली पोती टाका. काम करताना नाकाला रुमाल बांधा आणि नंतर साबणानं हात धुवा.

काढलेली गादी फेकू नका. ताजी झाडांना घातली तर मुळं जळतात, पण दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवली की झकास खत होतं.

पालकहो, एखादी कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर मुलांना दूर ठेवा आणि लगेच पशुवैद्यांना विचारा.

आणि मुलांनो, मृग लागला की एक वही करा. दर रविवारी लिहा : पाऊस किती, मूठ भुरभुरली की वळली, वास आला का. नवरात्रापर्यंत लिहीत राहा. तुमच्या अंगणातला कोणता कोपरा कोंबड्यांना चांगला, हे ती वहीच तुम्हाला दाखवील. मग, कधी सुरू करताय?