पात्याची चमक मारताना

हाताने घडवलेल्या सुऱ्यांची काही पाती आरशासारखी लखलखतात. काहींवर मात्र राखाडी, मंद तेज असतं. हे दुसरं तेज येतं ते दाबाखालच्या हवेबरोबर सोडलेल्या कणांच्या माऱ्याने, म्हणजेच सँडब्लास्टिंगने. पोलादावर असंख्य सूक्ष्म खड्डे पडतात, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चकाकी जाते. बेंजामिन टिलमन या अमेरिकी संशोधकाने १८७० मध्ये या तंत्राचं पेटंट घेतलं.

पाणी दिलेल्या पात्यावर ऑक्साइडची कठीण काळी खपली धरते. ती एमरी पेपरने घासत बसण्यापेक्षा कणांचा मारा झटपट काढतो. ग्राइंडरचे ओरखडे मात्र त्याने झाकले जात नाहीत. ते आधीच हाताने घासून घालवावे लागतात, नाहीतर मंद तेजातूनही ते उमटतात.

कण कोणता, यावर रूप ठरतं. काचेचे गोल मणी पृष्ठभाग ठोकून दाबतात, त्यामुळे रेशमी झाक येते. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण टोकदार असतात आणि मोह्सच्या मापनात त्यांची कठिणता ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. ते धातू खरवडतात. पातं गडद आणि रखरखीत दिसतं. कोनही महत्त्वाचा. धातूची सर्वाधिक झीज होते ती कण तिरपे, साधारण २० ते ३० अंशांत आदळल्यावर; काचेसारखा ठिसूळ पदार्थ मात्र काटकोनी माऱ्यात जास्त झिजतो.

माऱ्याने ठोकलेला वरचा थर पसरू पाहतो, खालचं पोलाद त्याला रोखून धरतं आणि पृष्ठभागात दाबाचा ताण साठतो. एकाच बाजूने मारा झाला तर पातळ पट्टी वाकते. जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेन यांनी याच वाकण्यावरून माऱ्याची तीव्रता मोजण्याची पद्धत बसवली. वाकू नये म्हणून पातळ पात्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच मारा द्यावा लागतो.

नावात ‘सँड’ असलं तरी नदीची वाळू यात वापरू नये. तिच्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा असाध्य सिलिकोसिस होतो. जीन्स जुनाट दिसावी म्हणून वाळूचा मारा करणाऱ्या तुर्कस्तानातल्या कामगारांना तो जडला आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. इतर कण वापरतानाही बंद पेटी, धूळ ओढणारा पंखा आणि मास्क हवाच.

मंद तेजाची किंमत गंजाने मोजावी लागते. खड्ड्यांमुळे पृष्ठफळ वाढतं आणि ओलावा टिकतो. स्टेनलेस पोलादाला क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर वाचवतो. पण साध्या पोलादावर वापरलेले कण पुन्हा स्टेनलेसवर मारले, तर लोखंडाचे कण रुतून तांबूस ठिपके उमटतात. स्टेनलेससाठी कण वेगळेच ठेवावेत आणि साध्या पोलादाचं पातं पेटीतून निघताच पुसून त्याला तेलाचा हात द्यावा.