उत्तरार्ध का फसतो? (कथापूर्तीसाठी एक उदाहरण)

अपूर्ण कथा पूर्ण करायला दिली की मुलं शेवट कसातरी उरकतात. मोठे लेखकही इथेच अडखळतात बरं का!

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेतली 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' ही दोन भागांची कथा बघा. जून १९९० मधल्या पहिल्या भागात बोर्ग नावाचे अर्धे यंत्र, अर्धे सजीव असे शत्रू कॅप्टन पिकार्डला पकडून आपल्यातलाच एक करतात. तो ज्या जहाजावर आहे त्यावरच मारा करायचा हुकूम त्याचा सहकारी रायकर देतो आणि भाग संपतो!

सप्टेंबरमध्ये दुसरा भाग आला. पिकार्डचं ज्ञान बोर्गना मिळाल्यामुळे ते अस्त्र वाया जातं. हे पटतं. पण नंतर? पिकार्ड सुटतो, त्याच्यामार्फत बोर्गना 'झोपा' असा आदेश जातो आणि त्यांचं जहाज आपोआप फुटतं. स्वतःचं जहाज घ्यायचं की इथेच राहायचं, हा रायकरचा पेच शेवटी दोन वाक्यांत गुंडाळला जातो.

कारण काय? लेखक मायकेल पिलर यांनी पहिला भाग लिहिला, तेव्हा शेवट ठरलेलाच नव्हता.

म्हणून मुलांना लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा :
१) पूर्वार्धात कोणता पेच आहे?
२) तो पात्राच्या निर्णयाने सुटतो की योगायोगाने?
३) त्या निर्णयाची किंमत कोण मोजतं?

उत्तरं आधी तोंडी घ्या. मग बघा, 'आणि ते स्वप्न होतं' असे शेवट आपोआप कमी होतील.