नव्या नाण्यांचे पाकीट जादा भावाने घ्यावे का?

बारा बाजूंचे २० रुपयांचे नाणे २०२० मध्ये चलनात आले. अशी शंभर कोरी नाणी म्हणजे २,००० रुपयेच; बँकेत ती दर्शनी किमतीलाच मिळतात. चलनी नाणी प्रचंड संख्येने पाडली जातात, शिवाय अनेक जण पाकिटे जपून ठेवतात. त्यामुळे ती दुर्मीळ होणे अवघडच. परभणीत निजामकाळी चालणारा हाली रुपया आज संग्राह्य आहे, कारण तो चांदीचा होता आणि ते चलनच संपले.

टांकसाळींच्या खुणा जमवायला पाकीट लागत नाही. वर्षाखाली हिऱ्याचा आकार असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. प्रत्येकी एक नाणे पुरे. जादा पैसे मोजायचेच असतील, तर सरकारी टांकसाळीच्या प्रूफ संचासाठी मोजावेत.