गुरुवारची रिकामी खोली

१०४. वर्षातल्या शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री एवढ्याच भरतात. ३६५ पैकी जेमतेम २८ टक्के. पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून आडवाटेचे गाव शोधत निघणाऱ्या बहुतेक गाड्या याच रात्रींसाठी निघतात. उरलेल्या २६१ रात्रींचे काय, हा प्रश्न खोली बांधून बसलेल्या यजमानाचा.

शांत जागाच उरल्या नाहीत, असे आपण म्हणत असतो. आकडे तसे म्हणत नाहीत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या नोंदीनुसार करोनापूर्वीच्या २०१९ या वर्षात देशांतर्गत पर्यटकांच्या सुमारे २३२ कोटी भेटी झाल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आल्या १४.९३ कोटी, म्हणजे ६.४ टक्के. (या भेटी आहेत, माणसे नव्हेत, एकच माणूस अनेकदा मोजला जातो.) वर्षभर सारख्या वाटल्या तर दिवसाला चार लाख. ३.०८ लाख चौरस किलोमीटरच्या राज्यात हे प्रमाण चौरस किलोमीटरला दीड माणूसही भरत नाही.

वाटणी सारखी होत नाही, तिथे घोडे अडते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवशी रविवार होता. भुशीला घात अचानक आलेल्या लोंढ्याने केला, त्याचे खापर गर्दीवर फोडता येणार नाही. कुंडमळ्यात मात्र मोडकळीला आलेल्या पुलावर पर्यटकांचा जमाव होता. कास पठाराने फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा घालून यावर एक उत्तर काढले. लोणावळ्याला ते कसे जमणार? तिथे ना एक दरवाजा, ना एक कुंपण.

आता यजमानाची वही उघडू. समजा, जुन्नर तालुक्यात एका शेतकऱ्याच्या पाच खोल्या आहेत आणि जेवणासह खोलीचा दर ४,००० रुपये आहे. १०४ रात्री म्हणजे ५२० खोली-रात्री. परीक्षा, लग्नसराई, उन्हाळ्याचा कडाका धरून त्यातल्या ६० टक्के भरल्या, तर ३१२. वर्षाची जमा १२ लाख ४८ हजार. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, बँकेचा हप्ता आणि पाण्याची मोटर मात्र बाराही महिने चालू. शनिवारी दहा जणांना नाही म्हणायचे आणि मंगळवारी कुणाची वाट बघायची नाही, असा हा धंदा. मग यजमान सहावी खोली बांधतो. तीही शनिवारीच भरते.

त्याऐवजी आठवड्यातली आणखी एकच रात्र, बुधवारची, निम्मी भरली तर? ५२ आठवडे, पाच खोल्या, निम्म्या म्हणजे १३० खोली-रात्री. दर उतरवून ३,००० धरला तरी ३ लाख ९० हजार. एक वीट न रचता जमा ३१ टक्क्यांनी वाढते आणि सेवांसाठीच्या जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या आतच राहते.

बुधवारच का? भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या देखभालीची कामेही त्याच दिवशी निघतात. शनिवार-रविवार सुट्टी असलेले हिंजवडीचे आयटीवाले आणि गुरुवारी सुट्टी असलेले कारखान्यातले लोक एकाच पिंपळे सौदागरमध्ये, कधी एकाच मजल्यावर राहतात. तरी गावाकडच्या मुक्कामाच्या जाहिराती पहिल्यांसाठीच लिहिल्या जातात. दुसऱ्यांना कुणी विचारलेलेच नाही. अडचण खरी आहे: पोरांची शाळा गुरुवारी भरते, आणि नवरा-बायकोच्या सुट्ट्या जुळतीलच असे नाही.

मोठ्या हेरिटेज हॉटेलांना मधल्या वारांची चिंता कमी. सासवडजवळचा जाधवगड पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधला, २००७ पासून तिथे हॉटेल आहे. अशा ठिकाणी मधल्या वारी कंपन्यांच्या बैठका, प्रशिक्षणे भरवता येतात. शेतकऱ्याकडे सभागृह नसते. त्याच्याकडे जमीनही बेताचीच. राज्यात कृषी पर्यटनाचा पाया घालणारा बारामती तालुक्यातील पळशीवाडीचा प्रयोग २८ एकरांवर उभा राहिला. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातील सरासरी धारणक्षेत्र होते १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. २८ एकरांचा नमुना सव्वातीन एकरांवर उतरवायचा तर ट्रॅक्टरची सफर आणि पोहण्याचा तलाव सोडावा लागेल.

मग जागा थोडी आणि ओढ मोठी असे काय ठेवता येईल? भिलारने पुस्तके ठेवली. पाचगणीजवळचे हे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले तेव्हा २५ ठिकाणी मिळून १५,००० पुस्तके होती. ठिकाणागणिक सरासरी ६००. त्यासाठी नवी इमारत लागली नाही, ओसरी आणि खोली पुरली. शिवाय पुस्तक मंगळवारीही तेवढेच वाचता येते; काजव्यांसारखा त्याचा हंगाम नसतो.

रस्ताही मध्ये येतो. पिंपळे सौदागरहून जुन्नरला जायचे तर नाशिक फाटा, मोशी, चाकण ओलांडावे लागते आणि चाकणची कोंडी वार बघत नाही. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. तो झाल्यावर जुन्नर जवळ येईल, शनिवारची गर्दीही येईल.

तोवर बुधवारी रात्री येऊ शकणारा आणखी एक मोठा गट याच सोसायट्यांच्या बाकांवर संध्याकाळी बसलेला दिसतो: मुलांकडे राहायला आलेले निवृत्त आई-वडील. त्यांना ३६५ रात्री मोकळ्या आहेत. त्यांचे प्रश्न तीनच असतात. कमोड आहे का, पायऱ्या किती, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर किती लांब. बहुतेक जाहिरातींत चुलीवरच्या भाकरीचा फोटो असतो, न्हाणीघराचा नसतो.