तीन इंची मावळा आणि प्रमाणाचा हिशेब

विटा - वसुबारसेच्या आधीचा आठवडा उजाडला, की विट्याच्या गल्ल्यांमधून मुरूम, लाल माती आणि भिजवलेली गोणपाटे यांची ने-आण सुरू होते. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्ष काढणाऱ्या या गावात एरवी पोरांच्या चिखलाने माखलेल्या हातांकडे कोणी फारसे कौतुकाने पाहत नाही. दिवाळीत मात्र त्याच चिखलासाठी परीक्षक नेमले जातात. सांगली-सातारा पट्ट्यात मंडळे, शाळा आणि संस्था किल्ले बांधण्याच्या स्पर्धा घेतात, परीक्षक सायंकाळी गल्लोगल्ली फिरतात आणि भाऊबिजेच्या सुमारास निकालाची कुजबुज सुरू होते. हे परीक्षक नेमके काय पाहतात आणि त्यांनी काय पाहावयास हवे, या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही.

जगात इतरत्रही अशा स्पर्धा भरतात. ब्रिटनमध्ये १९६३ साली प्लास्टिकच्या प्रतिकृती बनविणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि तिच्या शाखा पुढे अनेक देशांत पसरल्या. तेथील मेळाव्यांत विमाने, रणगाडे, जहाजे टेबलांवर मांडलेली असतात आणि परीक्षक हातात विजेरी घेऊन सांधे तपासतात. प्रत्येक प्रतिकृतीपुढे एक आकडा असतो - विमानांसाठी बहुधा १:७२ किंवा १:४८, रणगाड्यांसाठी १:३५. मूळ वस्तू किती पटींनी लहान केली, हे तो आकडा सांगतो. पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात ज्यांनी गाड्या पाहिल्या असतील, त्यांनी १:८७ हे प्रमाण पाहिलेले आहे. आपल्या अंगणातील किल्ल्यापुढे नाव असते, मंडळाचे फलक असतात, क्वचित देणगीदारांची यादीही असते. हा आकडा मात्र सहसा नसतो.

तो का असावा, हे बाजारातल्या मावळ्यावरून चटकन ध्यानात येते. हा मावळा साधारण तीन इंच, म्हणजे साडेसात सेंटिमीटर उंच असतो. समजा, राजगड करावयाचा आहे. त्याची एकटी संजीवनी माचीच अडीच किलोमीटर लांब म्हणून सांगितली जाते. १:१००० प्रमाण धरले तर ही माची अडीच मीटर होते. अंगण त्यातच संपले, पद्मावती आणि सुवेळा माच्यांना जागा उरत नाही. याच प्रमाणात खरा माणूस दोन मिलिमीटरहूनही कमी भरतो, तर चार मीटर उंचीचा दरवाजा अवघा चार मिलिमीटर. आता त्या दरवाजापुढे बाजारातला मावळा उभा करून पाहा. प्रमाणाच्या हिशेबाने तो पंचाहत्तर मीटर उंचीचा राक्षस ठरतो. गडाच्या माथ्यावर सिंहासनावर बसविलेल्या महाराजांचीही तीच गत.

यावर उपाय दोन. पूर्ण गड करावयाचा तर माणसे वगळावीत आणि केवळ डोंगर, तट, वाटा, टाकी दाखवावीत. मावळे हवेच असतील, तर अख्खा गड सोडून त्याचा एक भाग - एखादा दरवाजा, एखादा बुरूज - सुमारे १:२० प्रमाणात करावा. या प्रमाणात साडेसात सेंटिमीटरचा मावळा दीड मीटरचा, म्हणजे माणसाच्या मापाजवळचा ठरतो. आळिवाच्या हिरवळीलाही हाच नियम लागू आहे. दोन सेंटिमीटरचा कोंब १:२० मध्ये गुडघाभर गवत, तर १:१००० मध्ये वीस मीटर उंचीचा वृक्ष. म्हणून मोठ्या गडावर आळीव सर्वत्र न फेकता जेथे रान आहे तेथेच पेरावे. ते उगवण्यास तीन-चार दिवस लागतात, तेव्हा पेरणीचा दिवसही आधीच ठरवावा लागतो.

डोंगराचा आकार साधणे हे त्याहून कठीण काम. विटा आणि दगड रचायचे, चिखलाच्या काल्यात बुडविलेले गोणपाट त्यावर टाकायचे आणि पडलेल्या सुरकुत्यांना सोंडा नि घळी समजायचे, ही परंपरागत रीत. ती सुंदर दिसते यात शंका नाही. परंतु त्या सुरकुत्या रायगडाच्या नसतात, गोणपाटाच्या असतात. ज्यांना अचूकता हवी त्यांच्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आहेत. त्यांतील समान उंचीच्या रेषा वीस-वीस मीटर अंतराने काढलेल्या असतात. नकाशा पंचवीस पटींनी मोठा केला, की १:२००० प्रमाण मिळते आणि प्रत्येक रेषा एक सेंटिमीटर जाडीचा थर बनते. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे त्या रेषांवरून कापून एकावर एक चढविले, की गडाचा सांगाडा तयार. मग माती. डोंगर वरून पाहताना चपटा भासतो, म्हणून उंची दीडपट वाढविण्याची सवलत नकाशाकारही घेतात. तसे केल्याचे फलकावर लिहिले म्हणजे झाले.

खरा पेच माथ्यावर येतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग ओकली आणि राजवाडा जळाला. आज तेथे जोती आणि भिंतींचे अवशेष उरले आहेत. वरचे छप्पर, खांब, सज्जे कसे होते, हे दाखविणारा प्रत्येक कारागीर कल्पनेचा आधार घेत असतो. कल्पना वर्ज्य आहे असे नव्हे. पण उतरत्या कौलांचा तीन मजली वाडा दिव्यांनी उजळून ‘हुबेहूब रायगड’ अशी पाटी लावणे आणि आज दिसणारी जोती मापात मांडणे, यांत दुसरे काम अधिक अवघड व अधिक प्रामाणिक आहे. आणि बक्षीस बहुतेकदा पहिल्याला मिळते.

थर्माकोल, फवाऱ्याचे रंग, विजेच्या माळा आणि तरुण मंडळांची वर्गणी यांच्यापुढे सलाईनच्या नळीतून कारंजे उडविणारी सहावी-सातवीतील चार मुले टिकत नाहीत. दोघांना एकाच गटात तोलणे हा स्पर्धेचा दोष आहे, मुलांचा नव्हे. शालेय गट आणि खुला गट वेगळे करणे, नैसर्गिक साहित्याला गुण राखून ठेवणे आणि मुख्य म्हणजे तोंडी माहितीला वजन देणे, एवढे तरी आयोजकांच्या हाती आहे. परीक्षकाने ‘हा दरवाजा इथेच का?’ एवढे विचारले तरी पुरे. ज्या मुलाने गोमुखी दरवाजा समजून केला आहे, ते सांगू शकते, की दोन बुरुजांच्या आड वळणावर दार लपविले म्हणजे शत्रूला ते दुरून दिसत नाही, तोफेचा मारा थेट बसत नाही आणि हत्तीला धडक देण्यासाठी धाव घेता येत नाही. ज्याच्या काकांनी थर्माकोल कापून दिला, त्याला हे सांगता येणार नाही.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत अकरा महाराष्ट्रातील, बारावा तमिळनाडूतील जिंजी. साल्हेर, खांदेरी, सुवर्णदुर्ग ही नावे त्यामुळे घराघरांत पोहोचली. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आणि कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा त्या यादीत आहेत, आणि अंगणातही ते वर्षानुवर्षे आहेतच.

पण विटा ज्या खानापूर तालुक्याचे ठिकाण आहे, त्या तालुक्याला स्वतःचा गड आहे. पूर्वेकडील बाणूरगड, म्हणजेच इतिहासातील भूपाळगड. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविणारे फिरंगोजी नरसाळा पुढे येथे किल्लेदार होते. १६७९ मध्ये दिलेरखानाने हा गड जिंकला, तेव्हा युवराज संभाजीराजे त्याच्या छावणीत होते. हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी याच गडावर दाखविली जाते. गडावर आजही वस्ती आहे, महादेवाचे मंदिर आहे, तटाचे अवशेष आहेत. राजगडाच्या मानाने त्याचा डोंगर पुठ्ठ्यावर उतरविण्यास सोपा, आणि मापे घेण्यासाठी सह्याद्री ओलांडावा लागत नाही. वहीत नोंदी आणि हातात फीत घेऊन एका दिवसात जाऊन येता येते. परीक्षकांनाही तो परिचित असावा, निदान असायला हवा.

परतीच्या पावसाने गाठले नाही, तर तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक किल्ले मुलेच मोडून टाकतात. माती खतात जाते, मावळे पुढच्या वर्षासाठी डब्यात. मापे लिहिलेला नकाशाचा कागदही त्याच डब्यात ठेवता येतो.