रक्ताच्या गुठळ्या रोखणारी औषधे : गोळीइतकीच तपासणीही आवश्यक

चेन्नई - हृदयाची निकामी झालेली झडप काढून तिच्या जागी धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला आयुष्यभर रक्त गोठण्यास प्रतिबंध करणारे औषध घ्यावे लागते. बोलीभाषेत या औषधांना 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यांच्यामुळे रक्त पातळ होत नाही, तर ते गोठण्याची क्रिया मंदावते. ती किती मंदावावी याची मर्यादा अत्यंत अरुंद असून नियमित रक्ततपासणीखेरीज ती कळू शकत नाही.

भारतात झडपा निकामी होण्यामागे ऱ्हुमॅटिक ताप हे प्रमुख कारण आहे. बालपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या संसर्गानंतर हा ताप उद्भवतो आणि काही मुलांच्या हृदयाच्या झडपांना कायमची इजा पोहोचते. त्यामुळे झडप बदलावी लागणाऱ्यांत तरुण स्त्री-पुरुषांची संख्या मोठी असते. प्राण्यांच्या ऊतींपासून तयार केलेल्या झडपा तरुण वयात तुलनेने लवकर झिजतात. म्हणून अशा रुग्णांसाठी बहुधा टिकाऊ यांत्रिक झडप निवडली जाते.

परदेशी झडपांची किंमत सर्वसामान्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर असल्याने तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप विकसित करण्यात आली. आधीचे तीन नमुने अपयशी ठरल्यानंतर चौथा यशस्वी झाला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथमच रुग्णाला बसविण्यात आली. तिच्या उत्पादनाची जबाबदारी चेन्नईच्या टीटीके उद्योगसमूहाने स्वीकारली. 'टीटीके चित्रा' या नावाने ओळखली जाणारी ही झडप आतापर्यंत एक लाखाहून अधिक रुग्णांना बसविण्यात आली आहे. धातूच्या चौकटीत उघडझाप करणारी प्लास्टिकची चकती, अशी तिची रचना आहे.

झडप स्वदेशी असो वा परदेशी, रक्ताच्या दृष्टीने ती परकीच वस्तू असते. तिच्या पृष्ठभागाशी संपर्क येताच रक्तातील गोठण्याची यंत्रणा जागी होते. बिंबाणू एकत्र येतात, एकामागून एक प्रथिने सक्रिय होतात आणि शेवटी फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे तयार होऊन गुठळी बनते. अशी गुठळी चकतीपाशी साठल्यास झडप अडकते. ती सुटून मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो.

हा धोका टाळण्यासाठी वॉरफरिन किंवा असिनोकोमॅरॉल ही औषधे दिली जातात. रक्त गोठविणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि ती कार्यक्षम होण्यासाठी 'के' जीवनसत्त्वाची गरज असते. या जीवनसत्त्वाचा शरीरात होणारा पुनर्वापर ही औषधे रोखतात. रक्तात आधीच असलेली प्रथिने संपण्यास काही दिवस लागत असल्याने औषधाचा पूर्ण परिणाम लगेच दिसत नाही. तोपर्यंत त्वरित परिणाम करणारे हेपारिन इंजेक्शनद्वारे दिले जाते.

वॉरफरिनचा इतिहासही उद्बोधक आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेले 'स्वीट क्लोव्हर' गवत खाल्लेली गुरे रक्तस्रावाने दगावू लागली. त्याचे कारण शोधताना विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक व सहकाऱ्यांना डायकुमारॉल हे रसायन सापडले. त्याच वर्गातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत त्याला मानवी उपचारांसाठी मान्यता मिळाली. मात्रा कमी-अधिक झाल्यास काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मात्रा ठरविण्यासाठी 'आयएनआर' ही रक्ततपासणी केली जाते. निरोगी व्यक्तीत हा आकडा सुमारे १ असतो. यांत्रिक झडप असलेल्या रुग्णात तो सर्वसाधारणपणे २ ते ३.५ च्या दरम्यान राखला जातो. नेमके लक्ष्य झडपेचा प्रकार व स्थान पाहून डॉक्टर ठरवितात. आकडा घसरल्यास गुठळीचा, तर वाढल्यास रक्तस्रावाचा धोका असतो.

आहार आणि अन्य औषधांचाही यावर परिणाम होतो. पालक, मेथी, माठ यांसारख्या पालेभाज्यांत तसेच तामिळनाडूत नित्य खाल्ल्या जाणाऱ्या 'कीरै'मध्ये 'के' जीवनसत्त्व भरपूर असते. त्या वर्ज्य करण्याची गरज नसते. मात्र त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे वॉरफरिनचा प्रभाव घटतो, तर काही प्रतिजैविकांमुळे तो वाढतो. ॲस्पिरिन व अनेक वेदनाशामक गोळ्यांमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढते. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या काळात वॉरफरिनमुळे गर्भाला अपाय होऊ शकतो. त्यामुळे अशा महिलांनी गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांशी चर्चा करणे आवश्यक ठरते.

वारंवार तपासणीची गरज नसलेली डॅबिगॅट्रानसारखी नवी औषधे २०१० नंतर प्रचारात आली. तथापि, यांत्रिक झडपेच्या रुग्णांवरील डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या व रक्तस्राव या दोहोंचे प्रमाण अधिक आढळल्याने मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांहून अधिक ऱ्हुमॅटिक हृदयरुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या या रुग्णांमध्येही रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या वर्गातील औषधेच सरस ठरली.

त्यामुळे यांत्रिक झडप असलेल्या रुग्णासाठी जुनी गोळी आणि ठरल्या दिवशीची तपासणी यांना आजही पर्याय नाही. प्रकृती उत्तम वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करणे जिवावर बेतू शकते. अचानक धाप लागणे, झडपेचा नेहमीचा 'टिक-टिक' आवाज मंद होणे, बोलताना जीभ अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, काळी शौचास होणे किंवा न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.