बोलणं मनाला लागतं तेव्हा

"तुमच्या ख्रिश्चनांत काय, सगळं चालतंय!" शेजारच्या बारशात एक वहिनी चारचौघींत म्हणाल्या. माझ्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. बिंदू चौक येईपर्यंत मनात दहा झणझणीत उत्तरं तयार! (कोल्हापूरचं पाणी, दुसरं काय?)

मग पंडिता रमाबाई आठवल्या. १८८९ साली त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली नेल्या. बाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, मुली आत येत, हा मुख्य आक्षेप. बाईंनी दार काही लावलं नाही. सदनही चालू ठेवलं, आणि पुढे दुष्काळात शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या.

दुसरा गाल पुढे करायचा म्हणजे मान खाली घालायची, असं मला लहानपणी वाटे. पण बाईंची मान कुठं खाली होती?

नाताळात त्या वहिनींकडे करंज्या घेऊन गेले. म्हटलं, "वहिनी, त्या दिवशीचं तुमचं बोलणं मला लागलं हो." त्या गप्प झाल्या. मग उठून त्यांनी चहा टाकला.